कच्च्या मालाचा जिल्हा, पक्क्या मालाचे नगर

(चंद्रपूर येथे तरुण व्यापारी व उद्योजकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा हा संपादित पाठ.)



१८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोहखनिजाविषयी एक अहवाल लिहिला. लोहारा गावाजवळच्या टेकडीत उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे आणि तेथून फार दूर नसलेल्या वरोऱ्याला कोळशाची खाण आहे, असे त्यात नमूद होते. तो अहवाल नागपुरात कापडगिरणी चालविणाऱ्या एका उद्योजकाच्या वाचनात आला. त्या उद्योजकाचे नाव जमशेटजी टाटा. भारतभूमीत पोलादाचा कारखाना उभा राहावा, या त्यांच्या स्वप्नाचे बीज या चांद्याच्या मातीने पेरले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासला गेला. पोलादाच्या भट्टीला तो चालणार नाही, असा निष्कर्ष निघाला. परकीय सरकारचे खाणविषयक नियमही असे जाचक होते की कोणा स्वाभिमानी भारतीयाने त्या वाटेला जाऊ नये. योजना बारगळली. नियम शिथिल झाल्यावर, १९०४ साली, जमशेटजींचे पुत्र दोराबजी आणि अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड पुन्हा चांद्याच्या अरण्यात आले. लोहाऱ्याचे खनिज कसदार होते, पण मोठ्या कारखान्यास पुरेल इतके नव्हते. निराश होऊन परतताना दोराबजींनी नागपूरच्या संग्रहालयात एक भूगर्भीय नकाशा पाहिला आणि त्यांचे लक्ष दुर्ग जिल्ह्यातील टेकड्यांकडे गेले. तेथून शोध मयूरभंजपर्यंत पोहोचला, १९०७ साली कंपनी स्थापन झाली आणि साकची नावाच्या लहानशा खेड्याचे जमशेदपूर झाले. चांदा मात्र चांदाच राहिले.

ही कथा चुटपुट लावणारी असली, तरी ती सांगण्याचे कारण वेगळे आहे. त्या वेळी चांद्याची संधी हुकली, ती निसर्गाने आणि परकीय सत्तेने. त्यात येथील माणसाचा दोष नव्हता. परंतु त्यानंतरच्या शंभर वर्षांत ज्या संधी आल्या आणि गेल्या, त्यांविषयी असे म्हणता येईल काय? आज दक्षिण गडचिरोलीतील सुरजागडच्या रूपाने लोखंड पुन्हा एकदा दाराशी आले आहे. या वेळी ते कोणाच्या घरी जाणार, हा खरा प्रश्न आहे.

सात घटकांची कसोटी

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनावर चार व्याख्याने दिली. त्यात त्यांनी सर विश्वेश्वरय्या यांचा दाखला देऊन उद्योगाच्या सात घटकांचा विचार मांडला. मनुष्य, माल, पैसा, यंत्र, चालकशक्ती, व्यवस्थापन आणि बाजारपेठ हे ते सात घटक. या सातांचा परस्परांशी मेळ असला पाहिजे. परदेशातून यंत्र आणून त्याच्या मापाने माणसे कापायची, हा उलटा व्यवहार आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

ही कसोटी चंद्रपूरला लावून पाहिली तर काय दिसते? माल विपुल आहे. वर्धा खोऱ्यातील कोळसा आहे, राजुरा-कोरपना पट्ट्यातील चुनखडी आहे, सागवान आहे, बांबू आहे, धान आहे. चालकशक्ती तर अशी की चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅट क्षमतेचे आहे आणि महाराष्ट्राच्या कारखान्यांची चाके त्याच्या बळावर फिरतात. दिल्ली-चेन्नई लोहमार्ग बल्लारशावरून जातो, म्हणजे बाजारपेठेची वाटही दारातूनच निघते.

उरलेल्या घटकांची अवस्था पाहावी. पैसा बाहेरचा, व्यवस्थापन बाहेरचे, यंत्र बाहेरचे. मनुष्य तेवढा येथला, आणि तोही बहुतांशी रोजंदारीवरचा. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथे नामांकित सिमेंट कारखाने उभे राहिले. बल्लारपूरला १९४५ साली कागद गिरणी निघाली आणि तिच्या कागदावर देशभरातील मुलांनी अक्षरे गिरविली. या उद्योगांनी हजारो घरांत चूल पेटविली, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. पण या कारखान्यांना लागणारे सुटे भाग, पिशव्या, पट्टे, झडपा, दुरुस्तीची कौशल्ये यांपैकी किती गोष्टी चंद्रपूर शहरात तयार होतात? ज्या औद्योगिक वसाहतीत शेकडो पूरक कारखाने गजबजलेले असावयास हवे होते, तेथे अजून मोकळे भूखंड का दिसतात?

दिव्याखाली अंधार, ही म्हण जणू याच जिल्ह्यासाठी जन्माला आली असावी. महाराष्ट्रात भारनियमनाने कहर केला त्या वर्षांत, राज्याला वीज देणाऱ्या या जिल्ह्यातील खेडी मात्र काळोखात बसत होती. माल येथला, धूर येथला, राख येथली. मालाला मूल्य चढते ते दुसरीकडे. अर्थशास्त्राच्या भाषेत याला मूल्यवर्धनाचा अभाव म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर ऊस आपल्या शेतात आणि गुऱ्हाळ परगावी.

आत्मपरीक्षणाचा अध्याय

याचा सगळा दोष मुंबई-दिल्लीवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. विदर्भावर अन्याय झाला, ही तक्रार खोटी नाही. परंतु केवळ तक्रारीने नगर उभे राहत नाही. समाजाने स्वतःकडेही पाहावे लागते.

चंद्रपुरात पैसा आला नाही असे नाही. कोळशाच्या वाहतुकीत आला, कंत्राटांत आला, वाळूत आला, जमिनींच्या व्यवहारात आला. पण तो कारखान्यात फारसा गेला नाही. पिढीजात व्यापारी दलालीवर समाधानी राहिला, नवा श्रीमंत ठेकेदारीवर. ठेका मिळाला की ट्रक घ्यायचे, ट्रकांचा पैसा भूखंडात घालायचा आणि मुलाला शिकवून पुण्याला पाठवायचे, असा क्रम पडून गेला. ठेकेदारी ही लक्ष्मीची पाऊलवाट असू शकेल, पण ती उद्योगाची परंपरा निर्माण करीत नाही. ठेका संपला की हाती कौशल्य उरत नाही.

आणखी एक गोष्ट अधिक स्पष्टपणे बोलली पाहिजे, कारण ती बोलायला कठीण आहे. वनवासी बांधव चारोळी घेऊन बाजाराला येत आणि तेवढ्याच मापाचे मीठ घेऊन परत जात, अशा हकिकती या दोन्ही जिल्ह्यांतील वृद्ध मंडळी सांगत आली आहेत. चारोळीचा भाव काय आणि मिठाचा काय! तो व्यवहार करणारे कोणी परकीय नव्हते. सणासुदीला देवळात दिवा लावणारेच ते लोक होते. ज्याला धर्मबंधू म्हणायचे त्यालाच मापात मारायचे, या विसंगतीची किंमत समाजाने पुढे रक्ताने मोजली. १९८० च्या सुमारास गोदावरी-प्राणहिता ओलांडून नक्षलवादी गडचिरोलीत शिरले, तेव्हा त्यांनी सर्वप्रथम तेंदूपत्त्याच्या मजुरीचा प्रश्न हाती घेतला. ती जागा समाजाने मोकळी सोडली होती म्हणूनच त्यांना ती मिळाली.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. बंदुकीने भाव वाढवून देणाऱ्यांनी त्याच बंदुकीने शाळा, रस्ते आणि माणसे उडविली. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीला १७ पोलिसांना वीरमरण आले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, जांभुळखेडा येथील भूसुरुंगात १५ जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक बळी पडले. ज्या वनवासींच्या नावाने ही हिंसा चालली, त्यांचीच मुले दोन्ही बाजूंनी मारली गेली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. शस्त्र खाली ठेवले गेले, हे पोलीस दलाच्या शौर्याचे आणि चिकाटीचे यश आहे. पण बंदूक गेल्यावर जी पोकळी उरते, ती कोण भरणार? मिठाचे माप घेऊन बसलेला जुना व्यापारी की भागीदारीचा हात पुढे करणारा नवा उद्योजक? या प्रश्नाचे उत्तर गडचिरोलीच्या जंगलात नाही. ते चंद्रपूरच्या बाजारपेठेत आहे.

बांबूची गोष्ट

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे जेमतेम पाचशे वस्तीचे गोंड गाव आहे. वनाधिकार कायद्यान्वये २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू तोडून विकण्याचा अधिकार कागदावरच होता, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती होता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री आणि राज्याचे मुख्यमंत्री यांनी गावात येऊन ते परवानापुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. ज्या बांबूवर कागद गिरणी अनेक दशके चालली, त्याच बांबूचा गाव प्रथमच कायदेशीर विक्रेता झाला. आज गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना असे सामूहिक वनहक्क प्राप्त झालेले आहेत.

याचा अर्थ व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावा. कालपर्यंत जो मजूर होता, तो आज मालाचा धनी आहे. ग्रामसभा ही आता जंगलातील सर्वांत मोठी पुरवठादार आहे. तिच्याशी करार करायचा तर बरोबरीच्या नात्यानेच करावा लागेल.

पण इथेही तोच जुना रोग पुन्हा डोके वर काढतो. बांबू जातो तो अख्खा. भारतातील देवघरांत रोज लावल्या जाणाऱ्या उदबत्तीची काडी कित्येक वर्षे चीन आणि व्हिएतनाममधून येत होती, हे ऐकून कोणाही आस्तिकाला लाज वाटावी. बांबूच्या देशाने देवापुढच्या काडीसाठी परदेशाकडे हात पसरावा! केंद्र सरकारने २०१९ मध्ये उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले आणि जून २०२० मध्ये बांबूकाड्यांवरील आयात शुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के केले. त्यापूर्वीच, २०१७ साली, वनक्षेत्राबाहेरील बांबूला कायद्याच्या व्याख्येतील ‘झाड’ या शब्दातून वगळले गेले होते, त्यामुळे शेतकऱ्याला बांधावरचा बांबू तोडण्यास परवाना लागेनासा झाला. धोरणाची दारे अशी एकामागोमाग उघडली. गडचिरोलीत वनविभागाच्या पुढाकाराने गावोगावच्या महिलांनी उदबत्ती केंद्रे चालविली. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. २०२१ च्या आगीत तेथील देखण्या इमारतीची मोठी हानी झाली, तरी तेथून शिकून गेलेले हात शाबूत आहेत.

उणीव आहे ती या हातांना बाजाराशी जोडणाऱ्या मधल्या माणसाची. आकृतिबंध ठरविणारा, गुणवत्ता तपासणारा, वेळेवर पैसे देणारा आणि मुंबई-हैदराबादच्या दुकानात माल पोहोचविणारा माणूस हवा. तो मधला माणूस म्हणजेच उद्योजक. दलाल फरकावर जगतो, उद्योजक मालाची किंमत वाढवून जगतो. चंद्रपूरच्या तरुणाने यांतील कोण व्हायचे, ते ठरवावे.

अयोध्येचे सागवान

मार्च २०२३ मध्ये बल्लारपुरात एक अविस्मरणीय सोहळा झाला. अयोध्येतील श्रीराम मंदिराच्या दारांसाठी या अरण्यातील सागवानाचे पूजन होऊन ते मिरवणुकीने रवाना झाले. रस्त्यारस्त्यावर रांगोळ्या निघाल्या, आबालवृद्ध दर्शनाला उभे राहिले. २२ जानेवारी २०२४ रोजी रामलल्ला विराजमान झाले, तेव्हा त्या महाद्वारात दंडकारण्याचे काष्ठ होते, हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या जनतेचा अक्षय अभिमान आहे.

त्या अभिमानासोबत एक प्रश्नही मनात ठेवावा. ती दारे कोरली कोणी? दक्षिण भारतातील कुशल कारागिरांनी. त्यात वैषम्य वाटण्याचे काहीच कारण नाही. उत्तरेच्या मंदिराला विदर्भाचे लाकूड आणि दक्षिणेची छिन्नी लागावी, यातच राष्ट्राची एकात्मता आहे. पण ज्या भूमीत जगातील उत्कृष्ट सागवान पिकते, तेथे काष्ठशिल्पाची एखादी नामांकित शाळा का नसावी? बल्लारपूरच्या आगारातून लाकडाचे ओंडके देशभर जातात. त्याऐवजी येथूनच दारे, चौकटी, देव्हारे आणि नक्षीदार आसने गेली, तर त्याच लाकडावर दहापट हातांना काम मिळेल. पाठीशी परंपरा आहे. ज्यांच्या पूर्वजांनी गोंड राजांसाठी जटपुरा दरवाजावर आणि अंचलेश्वर मंदिराच्या दगडांवर शिल्पे कोरली, त्यांना लाकूड कोरता येणार नाही असे कोण म्हणेल? भद्रावतीच्या ग्रामोदय संघाने साध्या कुंभारकामाला कलेच्या पदवीस नेले, ते याच जिल्ह्यात. आणि ज्या वरोऱ्याचा कोळसा टाटांच्या भट्टीस नालायक ठरला, त्याच वरोऱ्याच्या खडकाळ माळावर बाबा आमटे यांनी समाजाने टाकून दिलेल्या कुष्ठरुग्णांकडून हातमाग, सुतारकाम, शेती आणि छपाई यांचा संसार उभा करून दाखविला. माणसात उद्योग निर्माण होतो तो असा.

धान आणि कोसा

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील दादाजी खोब्रागडे या अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ च्या सुमारास आपल्या शेतात काही वेगळ्या ओंब्या पाहिल्या. त्या जपल्या, वर्षानुवर्षे निवडीने वाढविल्या आणि त्यातून बारीक दाण्याचे एक नवे वाण सिद्ध झाले. एका व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव त्याला दिले आणि एचएमटी तांदूळ देशभर पोहोचला. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींचा गौरव केला. पुढे त्यांनी आणखीही वाणे शोधली. पण भातगिरण्यांनी आणि व्यापाऱ्यांनी त्या तांदळावर जे कमावले, त्याचा अंशही त्यांच्या वाट्याला आला नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले, ते ओढगस्तीतच.

दादाजींच्या कथेत या जिल्ह्याची सारी कथा सामावलेली आहे. बुद्धी होती, निष्ठा होती, फळही होते. त्या फळाभोवती कुंपण घालणारा, त्याचे नाव नोंदवून त्याची बाजारपेठ जपणारा सहकारी मात्र नव्हता. एक वकील, एक हिशेबनीस आणि एक प्रामाणिक व्यापारी त्यांच्या पाठीशी उभा राहता, तर नांदेड गावच्या नावाचा तांदूळ आज जगाच्या बाजारात दिसला असता. चंद्रपूर शहरात असे वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत, व्यापारी आहेत. शहर आणि खेडे यांची गाठ पडली नाही, एवढेच.

हीच गोष्ट कोशाची. गडचिरोलीतील आरमोरी परिसरात ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसरच्या अळ्या पोसून कोश काढण्याची कला ढिवर बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. नागभीडला तो कोसा विणणारे हात होते. झाड, अळी, सूत आणि माग यांमध्ये शंभर किलोमीटरचेही अंतर नाही. असे सौभाग्य देशात फार थोड्या ठिकाणांना लाभते. तरीही कोसा साडी म्हटले की ग्राहकाला दुसऱ्याच प्रांतांची नावे आठवतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ती हीच गोष्ट.

सुरजागडचे लोखंड

आता पुन्हा लोखंडाकडे वळू या. विदर्भाला लोखंड नवे नाही. नागपूर जिल्ह्यातील नैकुंडच्या उत्खननात अडीच हजार वर्षांहून जुनी लोहभट्टी सापडली आहे. चांद्याच्या जंगलात लहान भट्ट्यांतून लोखंड गाळणारे कारागीर इंग्रजी अमदानीपर्यंत होते. स्वस्त विलायती लोखंडाने त्यांच्या भट्ट्या विझविल्या.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा खाणपट्टा २००७ साली दिला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तेथे पंचाहत्तरहून अधिक वाहने पेटवून दिली. २०२१ पासून खाणकाम जोमाने सुरू झाले आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे लोहप्रकल्प उभा राहिला. जानेवारी २०२५ मध्ये दावोस येथे महाराष्ट्राने केलेला पहिला करार गडचिरोलीतील पोलाद प्रकल्पाचाच होता. वडसा-गडचिरोली या सुमारे ५२ किलोमीटरच्या लोहमार्गाचे काम हाती घेण्यात आले आहे. मार्च २०२४ मध्ये चंद्रपूरला ‘अॅडव्हान्टेज चंद्रपूर’ ही औद्योगिक परिषद भरली आणि बाहेरच्या गुंतवणूकदारांचे लक्ष या शहराकडे वेधले गेले. हे सर्व स्वागतार्ह आहे.

खनिज बाहेर न नेता त्याचे पोलाद येथेच व्हावे, हा निर्णय फार मोलाचा आहे. कोळशाच्या बाबतीत जे झाले नाही ते लोखंडाच्या बाबतीत होत आहे. पण पोलादावर थांबूनही भागणार नाही. जमशेदपूर मोठे झाले ते केवळ भट्टीमुळे नव्हे. भट्टीभोवती लहान कारखान्यांचे जाळे विणले गेले म्हणून. खिळे, नट-बोल्ट, तार, शेतीची अवजारे, ट्रकांचे सांगाडे, पुलांचे भाग, यांचे शेकडो कारखाने चंद्रपूर, मूल आणि गडचिरोलीत निघाले पाहिजेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाने नोकरीचा अर्ज लिहिण्यापूर्वी एका लेथचा विचार करावा, असे वातावरण हवे.

भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी हे वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे सुपुत्र. राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगांचे श्रमिकीकरण आणि श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण असे त्रिसूत्र त्यांनी दिले. भांडवलशाही म्हणते मालक धनिक, साम्यवाद म्हणतो मालक सरकार. दत्तोपंतांनी म्हटले की जो घाम गाळतो त्याचाही मालकीत वाटा असावा. २०२५ च्या प्रारंभी कोनसरीच्या कामगारांना कंपनीचे समभाग देण्यात आले, त्यांत शस्त्र सोडून आलेलेही होते. या पावलाचे महत्त्व त्या कागदाच्या किमतीपेक्षा मोठे आहे. ज्या हाताने काल बंदूक धरली त्याच हाताने आज भागधारकाचे प्रमाणपत्र धरावे, हाच तो तिसरा पर्याय. हा अपवाद न राहता नियम व्हावा.

विकासाची मर्यादा

येथे सावधानतेचा इशाराही दिला पाहिजे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह अतिप्रदूषित क्षेत्रांत चौथ्या क्रमांकावर होते. त्यानंतर काही काळ नव्या प्रकल्पांना बंदीही आली. ज्यांनी पर्यावरणाकडे दुर्लक्ष करून विकास साधू म्हटले, त्यांचा विकासही थांबला. इरई आणि झरपट या नद्यांच्या कुशीत वसलेल्या नगराने नद्यांनाच नाले करून टाकावे, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. दीनदयाळजी सांगत की निसर्गाचे दोहन करावे, शोषण नव्हे. गाईचे दूध काढावे, पण वासराचा वाटा ठेवून.

आणि तो वाटा आर्थिक दृष्टीनेही शहाणपणाचा आहे. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली घोषित झाले. आज जगभरातून पर्यटक तेथे येतात आणि मोहर्लीसारख्या गावांतील तरुण मार्गदर्शक म्हणून, जिप्सीचालक म्हणून सन्मानाने कमावतात. जंगल राहिले तर वाघ राहील आणि वाघ राहिला तर गावाची चूल पेटेल. वाघाच्या हल्ल्यात ज्यांच्या घरातला माणूस जातो, त्यांचे दुःखही याच हिशेबात धरले पाहिजे. पर्यटनाच्या उत्पन्नावर पहिला हक्क त्या गावांचा आहे.

तळे बांधणाऱ्याचा हक्क

गोंड राजवटीची एक रीत जुन्या महसुली कागदांत नोंदलेली आहे. जो कोणी तळे बांधील, त्याला त्या तळ्याखाली भिजणारी जमीन कसण्यास मिळे. राजाने स्वतः खजिना रिता करून तळी बांधली नाहीत. बांधणाऱ्याला हक्क दिला आणि प्रदेश तळ्यांनी भरून गेला. कर्तृत्व करणाऱ्याला मालकी द्यावी आणि त्या मालकीतून दहा जणांचे शेत भिजावे, असे हे निखळ स्वदेशी अर्थशास्त्र आहे. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले डॉ. म. गो. बोकरे साम्यवादी विचारातून हिंदू अर्थचिंतनाकडे वळले, ते अशाच परंपरांचा अभ्यास करून.

सव्वातीन लाख वस्तीच्या या नगराने आज अशी तळी बांधावयाची आहेत. पतसंस्थांनी आणि नागरी बँकांनी सोने आणि भूखंड यांच्या तारणापलीकडे जाऊन कौशल्यावर कर्ज द्यावे. जुन्या व्यापाऱ्यांनी आपल्या भांडवलाचा एक हिस्सा तरुणांच्या कारखान्यात घालावा आणि तो बुडाला तरी धीर सोडू नये. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने आणि येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ग्रामसभांच्या मालाला यंत्र शोधून द्यावे. व्यापारी संघटनांनी तराजूचा धर्म पाळण्याची शपथ घ्यावी: वनवासी बांधवाच्या मालाला माप पूर्ण, भाव उघड आणि पैसे त्याच दिवशी. एवढे एकच पथ्य पाळले, तरी पुन्हा कधी कोणा बंदूकवाल्याला या जंगलात थारा मिळणार नाही.

पूजनीय श्रीगुरुजींनी १९२२ साली मॅट्रिकची परीक्षा दिली ती या चांद्याच्या ज्युबिली हायस्कूलमधून. वीर बाबूराव शेडमाके यांनी २१ ऑक्टोबर १८५८ रोजी परकीय सत्तेविरुद्ध फाशी स्वीकारली ती याच चांद्याच्या कारागृहात. त्यांनी ज्या भूमीसाठी प्राण दिले, त्या भूमीतले लोखंड बाहेर नेऊन बाहेरच्यांनीच त्याचे सोने करावे, हे त्या बलिदानाला शोभणारे नाही. १८८२ साली चांद्याला उत्तर देण्याची संधीच नव्हती. आज आहे. महाकालीच्या यात्रेला लाखोंनी येणारा भाविक दर चैत्रात हे नगर पाहतो. काही वर्षांनी तो येईल, तेव्हा त्याच्या हातात चंद्रपुरात घडलेले अवजार असावे, डोक्यावर चंद्रपुरात विणलेला कोसा असावा आणि त्याच्या प्रसादाच्या टोपलीला मेंढ्याच्या बांबूचा वास असावा.

भारत माता की जय!